तिळाएवढी मोकळीक

सैल हा शब्द आपल्याकडे उगाचच बदनाम झाला आहे. सैल तोंड, सैल हात, सैल कारभार – जिथे म्हणून तो जाऊन बसतो, तिथे दोषच दाखवितो. घट्टपणाची मात्र कोण वाखाणणी! मूठ घट्ट असावी, गाठ घट्ट असावी, नाती घट्ट असावीत. पण घरातल्या मुक्या वस्तूंना विचारून पाहा. चांगला सुतार दार आणि चौकट यांच्यामध्ये थोडी फट ठेवतो, म्हणून फुगलेले दारही श्रावणात लागते. आमच्या वसमतवरून पूर्वी मीटरगेजची गाडी जात असे. रात्री तिच्या चाकांचा ठेका अंथरुणात पडल्यापडल्या ऐकू येई. तो ठेका म्हणजे दोन रुळांमध्ये मुद्दाम सोडलेल्या फटींचा आवाज. उन्हाळ्यात लोखंड वाढते. त्याला वाढायला जागाच नसेल तर रूळ वाकडा होतो, आणि मग ठेका राहत नाही, गाडीही राहत नाही.

हे सारे मला पुस्तकाने शिकविले असते तर मी ते केव्हाच विसरलो असतो. मॅट्रिकच्या पुढे मी शिकलो नाही. चित्रकलेचा मास्तर झालो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. पण गेल्या दिवाळीत एका मोटारीच्या क्लचने हा धडा असा काही गिरवून घेतला, की तो आता जन्मात पुसायचा नाही.

ती मोटार माझ्या काकांची. स्टँडर्ड हेरल्ड. इंग्लंडात ट्रायंफ हेरल्ड म्हणून १९५९ साली ती अवतरली आणि १९६१ पासून मद्रासला बनू लागली. तिचा आकार मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कलावंताने रेखाटला. इंजिन अवघे ९४८ सीसीचे. पण वळायला अशी चपळ, की पंचवीस फुटांच्या वर्तुळात गरकन फिरते. तिचे अंग बोल्टांनी जोडलेले असल्यामुळे छप्परसुद्धा पाने लावून उतरविता येते. हिचीच चौकट आखूड करून १९६२ साली तिकडे स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स मोटार निघाली. काकांनी गाडी हैदराबादेत जुन्यात घेतली, तेव्हा आधीच्या शौकीन मालकाने छप्पर काढून तिला कापडी टप चढविला होता. त्यामुळे आमच्या गावात तिचे नाव कायमचे पडले – 'स्पोर्टकार'. हळदीची पोती घेऊन मोंढ्याकडे निघालेले ट्रॅक्टरसुद्धा तिला वाट देतात.

काकांनी सारा जन्म हिशेबनीस म्हणून काढला. पैशाची चूक त्यांना खपत नाही, तशी मिनिटाचीही नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला इंजिनियर. त्याने रोज रात्री ९ वाजता फोन करायचा, हा काकांचा दंडक. ९ वाजून ५ मिनिटे झाली की जाब. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, जेवलास का, नसशील तर का नाही? यात माया नव्हती असे कोण म्हणेल? पण ती माया अशी ताणून बांधलेली, की तिला बोट लावले तरी टणत्कार उठावा. त्याच्या आदल्या दिवाळीला मुलगा आलाच नाही. रजा मिळाली नाही, असे त्याने कळविले. काकूंनी करंज्यांचा डबा तुळशीच्या लग्नापर्यंत उघडला नाही.

अशात हेरल्डचा क्लच गेला. पॅडल दाबले की ते निमूटपणे खाली जाऊन बसे आणि गिअर घालताना दात करकरत. काकांच्या उजव्या बुटाला कधी काही झाले नाही. डावा मात्र रोज ओला होई.

आमचे मिस्त्री एरव्ही ट्रॅक्टर आणि जीपगाड्या दुरुस्त करतात. हेरल्डचे बॉनेट पुढच्या बाजूला सबंधच्या सबंध उलटते, कमळ उमलावे तसे. मिस्त्री आत डोकावले आणि म्हणाले, "अप्पर गेला, मालक."

अप्पर म्हणजे क्लचचा मास्टर सिलिंडर. गॅरेजच्या भाषेत वरचा तो अप्पर आणि खाली गिअरबॉक्सपाशी असतो तो लोअर. पॅडलने एक दांडी पुढे सरकते, ती अप्परमधल्या पिस्टनला ढकलते, पिस्टन ऑईलला ढकलतो आणि ते ऑईल नळीतून जाऊन लोअरच्या पिस्टनला ढकलते. तो क्लचचा खटका दाबतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकला. तो एवढा गरीब होऊन आपल्या पायाखाली राबत असतो, याची कल्पना नव्हती. त्या ऑईलची आणखी एक मौज मिस्त्रींनी सांगितली. नाव ऑईल, पण ते तेल नव्हे. ते हवेतले पाणी पिते, आणि मग त्याच पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. अंगावर सांडले तर मोटारीचा रंग सोलून काढते. आणि त्याच्या जागी कोणी इंजिनचे तेल ओतले, तर आतले रबरी वॉशर फुगून सगळा कारखाना बंद!

दोनदा किट बदलून झाले होते. आता सिलिंडरच्या आत नखाला लागतील असे खड्डे पडले होते. त्यावर नवे वॉशर किती दिवस टिकणार? काकांनी ९ च्या फोनवर ही हकीकत मुलाला जमाखर्च सांगावा तशी सांगितली. आणि धनत्रयोदशीच्या सकाळी मुलगा दारात उभा! हातात फराळ नाही, फटाके नाहीत. एक पुठ्ठ्याची पेटी. स्पिटफायरसाठी कोणीतरी नव्याने बनविलेला अप्पर त्याने मिळविला होता. वंश एकच, म्हणून तो हेरल्डलाही चालणार होता.

तो चालला, पण एकदम नाही. बाहेरून जुन्यासारखाच दिसणारा तो अप्पर जागेवर बसला, बोल्ट बसले, नळीही लागली. फक्त त्याची दांडी दोन सूत लांब निघाली. पॅडलची पिन घालायची तर दांडी आत रेटावी लागे.

"बसते आहे ना? मग घाला पिन," काका म्हणाले.

मिस्त्रींनी मान हलविली. त्यांनी दांडी मधोमध कापली, दोन्ही तुकड्यांवर आटे पाडले, लांब नटाने ते जोडले आणि दोन्हीकडून चेकनट दिले. आता पिन काढून टोक फिरविले की दांडी हवी तेवढी लांब किंवा आखूड करता येणार होती. मग त्यांनी ती अशी बेतली, की पॅडल पूर्ण वर आलेले असताना दांडी आणि पिस्टन यांच्यामध्ये तिळाएवढी जागा राहावी. पायाला ती थोडी जास्त जाणवते. पॅडल आधी जरासे पोकळ जाते आणि मगच त्याला जोर लागतो.

काकांना ते पोकळ जाणे सहन होईना. "एवढा खर्च केला आणि ढिलाई ठेवता?"

"मालक," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "गाडी चालवायलाव का बांधून ठेवायलाव? पिस्टन सगळा माघारी आला तरच वरच्या डबीची वाट उघडती. त्याला माघारी येऊ द्या की."

मग हवा काढायची राहिली. नळीत हवा राहिली तर सारा जोर तिला दाबण्यातच जातो, क्लचपर्यंत काही पोचत नाही. हे काम एकट्याचे नव्हे. मिस्त्री दुसऱ्या गाडीत अडकले होते, म्हणून मुलगाच गाडीखाली शिरला आणि काका पॅडलवर बसले. वर्षभरात त्या दोघांचे जे काही बोलणे झाले असेल ते फोनवर, जाब आणि जबाब अशा थाटाचे. आता गाडीखालून तीनच शब्द येऊ लागले.

"बाबा, दाबा."

"धरा."

खाली निपल उघडे, बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडबुडे उठत, निपल बंद होई.

"सोडा."

पुन्हा दाबा, पुन्हा धरा, पुन्हा सोडा. मी डबीत ऑईल कमी होऊ न देण्याच्या कामावर होतो. पहिल्या पाचसहा वेळा काका 'सोडा' म्हणण्याआधीच पाय उचलत, आणि हवा परत आत शिरे. मग हळूहळू त्यांचा पाय त्या आवाजाच्या तालावर आला. बुडबुडे संपले. काकांनी इंजिन चालू करून मागचा गिअर घातला. तो जराही न करकरता पडला. खालून मुलगा हसल्याचे ऐकू आले. मला वाटते, त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी असे हसले असेल.

इथे गोष्ट संपली असती तर फारच सोयीचे झाले असते. पण माणूस एका दिवसात सैल होत नाही. रात्री काकांनी एकट्याने जाऊन पाने लावले आणि ती तिळाएवढी जागा काढून टाकली. नरकचतुर्दशीला आम्ही तिघे नांदेडच्या रस्त्याला लागलो. टप उघडा, अंगाला उटण्याचा वास, दोहों बाजूंना उसाचे आणि हळदीचे हिरवे रान. चार कोस गाडी मजेत गेली. मग चढावर इंजिन नुसतेच ओरडू लागले आणि गाडी मागे मागे राहू लागली. क्लच स्लिप मारीत होता.

मुलाने बॉनेट उलटले, दांडी पाहिली आणि तो सारे समजला. पिस्टन किंचित पुढेच अडकलेला. डबीची वाट बंद. इंजिनच्या उष्णतेने ऑईल वाढले, त्याला परत जायला जागा नाही, म्हणून तेच क्लचला दाबून धरू लागले. कोणाचा पाय पॅडलवर नसताना! आता वडिलांना बोलायची नामी संधी मुलाला आली होती. तो काही बोलला नाही. पाने काढून त्याने ते काकांच्या हातात दिले आणि म्हणाला, "तुम्हीच फिरवा, बाबा. पुरे वाटले की थांबा." काकांनी चेकनट सोडला, टोक फिरविले, पिन घातली, पॅडल बोटाने हलवून पाहिले. ते जरासे पोकळ गेले. त्यांनी मुलाकडे पाहिले. त्याने मान डोलावली.

कादंबरी लिहिताना मी माणसांची मने घट्ट बांधण्यासाठी पानेच्या पाने खर्च करीत आलो. वाचकांनाही ती वीण आवडते. पण ज्या प्रेमात दुसऱ्याला पूर्ण मागे येऊन आपल्या जागी टेकता येत नाही, ते कोणी दाबत नसतानाही दाबतच राहते. आणि थोडी ऊब वाढली, की तीच त्याचा जाच होते. आईबापांचे जाऊ द्या, आम्हा मास्तरांचेही हेच. पोराच्या हातात कुंचला देऊन मनगट आपणच धरून ठेवले, तर चित्र कोणाचे? जोडलेले तर असावेच. दांडीच नसेल तर क्लच नाही. पण दांडी आणि पिस्टन यांच्यामध्ये एक तीळ मावावा.

त्या रात्रीपासून ९ चा दंडक कोणी मोडला नाही, कोणी उठविलाही नाही; तो आपोआपच विरला. फोन आता कधी ८ ला येतो, कधी १० ला, एखादे दिवशी येतच नाही. येतो तेव्हा मात्र काकूंचे दूध उतू जाईपर्यंत चालतो. आणि मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी त्या चेकनटवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून दिली आहे. नट हलला तर रेघ मोडेल, आणि ऑईल गळले तर रंगच धुऊन जाईल. दोन्ही गोष्टी पाहताक्षणी कळाव्यात ही युक्ती. काका दर रविवारी चष्मा लावून ती रेघ पाहून येतात. अजून ती शाबूत आहे.