एकटा शत्रू आणि चौघांचा डाव

शत्रू जितका प्रचंड, तितकी लढाई अवघड, अशी आपली साधारण समजूत असते. फाशांच्या खेळात मात्र अनेकदा उलटे घडते. एकटा शत्रू कितीही बलाढ्य असला, तरी चौघांपुढे तो फार काळ टिकत नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपत असल्याने आमच्या घरी संध्याकाळी निवांत वेळ मिळतो. रविवारी माझी मुलगी, दोन पुतणे आणि भाची ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. मी सूत्रधार असतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मूल एक पात्र होते, सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि वीस बाजूंचा फासा यशापयश ठरवतो. कथेच्या शेवटी एखादा भयंकर ड्रॅगन हवा, हा मुलांचा आग्रह.

इथे हिशेब आडवा येतो. एका फेरीत प्रत्येकाला एक पाळी. पाच फेऱ्यांत मुलांच्या वीस पाळ्या होतात, ड्रॅगनच्या पाचच. दिवाळीच्या गर्दीत एकट्याने दुकान सांभाळणाऱ्याची अवस्था आपण जाणतो. भांडवल कितीही असो, माल द्यायला हात दोनच. ड्रॅगनची प्राणशक्ती वाढवणे म्हणजे नुसते भांडवल वाढवणे. त्याने लढाई लांबते, रंगत नाही.

२०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने हात वाढवले. तिच्यातील प्रौढ लाल ड्रॅगनची प्राणशक्ती २५६ आहे. पण त्याचे खरे बळ वेगळेच. इतरांच्या पाळ्या संपताच तो मधूनमधून तीन जादा हालचाली करू शकतो. एकाच मंत्राने जखडला जाऊन खेळ संपू नये, म्हणून असा प्रभाव तो दिवसातून तीनदा झुगारू शकतो. शिवाय त्याची गुहाही त्याच्या बाजूने लढते: जमीन हादरते, तप्त रस उसळतो. मुलांना एका जागी उभे राहून फासे टाकणे परवडत नाही.

इतके जुळवूनही एक प्रश्न उरलाच होता. तो आईने विचारला. “अरे, त्याला मारल्याशिवाय तुमचा खेळ संपतच नाही का?” पुतण्या म्हणाला, “आजी, तो खोटाच आहे.” तेव्हा आईने मुलांना यशोधर राजाची कथा सांगितली. बळी दिलेला कोंबडा पिठाचा होता, तरी मारण्याचा भाव खरा होता आणि त्याचे फळ जन्मोजन्मी भोगावे लागले. मुले गप्प झाली.

मला त्या प्रश्नात सूत्रधाराच्या कामाचेही मर्म दिसले. ज्याचा शेवट केवळ मरणाने होतो, त्या शत्रूपाशी मुलांना एकच काम उरते: आकडा शून्यावर आणणे. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१च्या नियमपुस्तकात शत्रूच्या धैर्याची कसोटी दोन फाशांवर घेण्याची सोय आहे. धैर्य खचले, तर तो पळतो किंवा शरण येतो.

त्यानंतर मी एक मादी ड्रॅगन रचली. गावाचा झरा अडवून ती बसली होती, कारण झऱ्यामागे तिचे अंडे होते. प्राणशक्ती निम्मी होताच गुहेचे छत ढासळू लागेल, असेही ठरवले. तसे घडले, तेव्हा भाचीने शस्त्र खाली ठेवून विचारले, “तू कशाची राखण करतेस?” पुढच्या चार फेऱ्या आमच्या खेळातल्या सर्वांत कठीण ठरल्या. ड्रॅगनचा अजून विश्वास बसलेला नव्हता. तिचे प्रहार झेलायचे, तिला इजा करायची नाही आणि कोसळत्या गुहेतून अंडे बाहेर काढायचे. धाकट्या पुतण्याच्या पात्राचा प्राण जेमतेम वाचला. अंडे बाहेर आले आणि झरा मोकळा झाला.

मुलांनी त्या संध्याकाळची चर्चा आठवडाभर केली. परवा आईनेच विचारले, त्या अंड्यातून पिल्लू निघाले की नाही?