नकलेचा भार मुळावर नको

1933 सालच्या ‘किंग काँग’मधला महाकाय गोरिला पडद्यावर गगनचुंबी इमारत चढून जातो. प्रत्यक्षात त्याच्या बाहुल्या दीड-दोन फुटांच्या होत्या. आत धातूचा सांगाडा, त्यावर रबर आणि वर केसाळ कातडं. पुढच्या काळात रबर कुजलं, कातडं झडलं आणि सांगाडा तेवढा उरला. जगाला घाबरवणारा तो चेहरा आता फक्त फिल्मवर आहे. जुन्या सिनेमातल्या मुखवट्यांचा विचार करताना मला आधी हा सांगाडा आठवतो. आपण काहीच केलं नाही तर प्रत्येक मुखवट्याचं हेच होणार आहे. आणि घाईघाईने काहीतरी केलं, तर ते अधिक लवकर होणार आहे.

माझा सगळ्यात आवडता मुखवटा 1954 सालच्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधला. अर्धा मासा, अर्धा माणूस. जाड ओठ, गालांवर कल्ल्यांच्या झालरी आणि डोळ्यांत धाकाइतकंच एकाकीपण. त्याचं मूळ रूप मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने युनिव्हर्सल स्टुडिओत रेखाटलं. ख्रिस म्युलर यांनी डोकं मातीत घडवलं. आधी नटाच्या अंगाचा प्लास्टरचा साचा, त्यावरून केलेल्या पुतळ्यावर मातीकाम, मातीवरून पुन्हा साचा, असं ते काम पायरीपायरीने चालायचं. शेवटी पुतळा आणि साचा यांच्यामधल्या पोकळीत रबराचा फेस भरायचा. रबराच्या झाडाचा चीक, त्यात गंधक आणि साबण, हे सगळं मिक्सरमध्ये फेटायचं, साच्यात ओतायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. यालाच फोम लेटेक्स म्हणतात. ते हलकं आणि लवचीक असतं, नटाच्या जबड्याबरोबर हलतं. चित्रीकरण पार पडेपर्यंत ते टिकलं की स्टुडिओचं काम झालं. सत्तर वर्षांनी कुणी ते जपायला बसेल, हा विचार त्या कारखान्यात कुणाच्या मनात असण्याचं कारणच नव्हतं.

ज्या गुणामुळे तो मुखवटा जिवंत वाटला, तोच त्याच्या मुळावर येतो. फेसामध्ये असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि त्या सगळ्यांतून हवा शिरते. प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता रबराच्या लांब साखळ्या तोडतात किंवा एकमेकींत घट्ट अडकवून टाकतात. रबर कधी चिकट होतं, कधी ताठरतं, मग तडकतं, शेवटी त्याचा भुगा होतो. थंड, अंधारी जागा, आतून योग्य आधार आणि हवाबंद वेष्टन यांनी हा प्रवास मंदावतो, थांबत मात्र नाही. म्हणून नक्कल करावीच लागते. प्रश्न इतकाच, की ती कशी करायची.

कारागिराचा हात पहिल्यांदा साच्याकडे वळतो आणि ते साहजिक आहे. सिलिकोन फासायचं, वर प्लास्टरचं कवच चढवायचं, सुकल्यावर साचा सोडवून घ्यायचा. नव्या मूर्तीवर हे उत्तम जमतं. जुन्या फोमवर मात्र प्रत्येक पायरी घातक ठरू शकते. सिलिकोन तड्यांत आणि छिद्रांत शिरतं. त्यातलं तेल फोम शोषून घेतो. रबरातल्या गंधकामुळे काही जातींचं सिलिकोन नीट घट्टच होत नाही आणि चेहऱ्यावर चिकट थर होऊन बसतं. कवचाच्या वजनाने गाल दबतात. साचा ओढताना जुना रंग त्याच्याबरोबर निघतो, आणि ओठांच्या आतल्या किंवा कल्ल्यांच्या मागच्या खाचा फाटतात. साचा कदाचित सुंदर निघेल. पण ज्याचा चेहरा घेतला, तो चेहरा तेवढ्यासाठी गेलेला असेल.

ही भीती काल्पनिक नाही. नकलेने मुळाला कसं घायाळ केलं, याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच अजिंठ्यात आहे. चित्रकार रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तिथे राबले. त्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळ 1885 साली लंडनमध्येच आगीत गेल्या. नक्कल करताना अंधारात रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश फिरवलं गेलं होतं. ते मात्र भिंतीवरच राहिलं, पिवळं पडलं, तडकलं, आणि रंगाचे पापुद्रे ओढू लागलं. ही माणसं अजिंठ्यावर मनापासून प्रेम करणारी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं प्रेम पुरत नाही. हात कुठे थांबवायचा हे त्या प्रेमाला कळावं लागतं.

आज हात थांबवता येतो. मुखवटा त्याच्या आधारावर स्थिर ठेवायचा आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरवायचा. एकमेकांवर बऱ्यापैकी चढणारे शेकडो फोटो घेतले, की त्यांतले समान बिंदू जुळवून संगणक चेहऱ्याचा त्रिमितीय आकार उभा करतो. शेजारी मोजपट्टी ठेवली की माप पक्कं होतं. प्रकाश थंड हवा. चकाकी मारायला ध्रुवीकरणाचे फिल्टर वापरावेत. चकचकीत किंवा काळ्या वस्तू स्कॅन करताना त्यांवर पांढरी पूड फवारण्याची सोय असते. जुन्या मुखवट्यावर ती पूड कधीही फवारू नये, तीही अजिंठ्याच्या व्हार्निशसारखीच. तयार झालेला आकार त्रिमितीय प्रिंटरवर छापून घ्यावा. तोंडाच्या आतली, कल्ल्यांमागची जी जागा कॅमेऱ्याला दिसत नाही, ती जुने फोटो पाहून शिल्पकाराने मातीत भरावी. मग छापलेल्या आकारावर बारीक काम करून हवे तेवढे साचे घ्यावेत. ओढाताण, वजन, उष्णता हे सारं आता त्या छापलेल्या चेहऱ्याने सोसायचं.

या पद्धतीने नक्कल मुळाच्या अधिक जवळ जाते, असंही माझं मत आहे. लेटेक्स सुकताना आकसतं आणि म्हातारपणी आणखी आकसतं. जुन्या मुखवट्यावरून थेट साचा घेऊन नवं लेटेक्स ओतलं, तर नक्कल त्याहूनही लहान निघते. त्या नकलेवरून पुढची केली, की चेहरा पिढीगणिक पुसट आणि बारका होत जातो. संगणकातला आकार मात्र मोजून थोडा वाढवता येतो, ओघळलेला गाल चित्रपटाच्या छायाचित्रांशी ताडून सावरता येतो. इथेच नक्कल करणाऱ्याचा कस लागतो. आपण 1954 सालचा चेहरा घडवतो आहोत की आज उरलेला? जमिनीवरच्या प्रसंगांत हा प्राणी बेन चॅपमन यांनी साकारला आणि पाण्याखाली रिकू ब्राउनिंग यांनी. दोघांसाठी पोशाख वेगळे. मग यांतला नेमका कोणता? उत्तर काहीही निवडावं, पण ते लिहून ठेवावं. कुठे मूळ संपलं आणि कुठे आपली समजूत सुरू झाली, हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

लिहून ठेवण्याचा आग्रह आणखी एका कारणासाठी. या प्राण्याचं श्रेय अनेक वर्षं मेकअप विभागाचे प्रमुख बड वेस्टमोर यांच्या नावावर राहिलं. मिलिसेंट पॅट्रिकला प्रसिद्धीच्या दौऱ्यावर पाठवलं गेलं, आणि ती परतल्यावर वेस्टमोर यांनी तिला काम देणं बंद केलं. 2019 साली मॅलरी ओमेरा यांच्या पुस्तकाने तिची कहाणी ठळकपणे पुढे आणली. रबर विरतं तसं नावही विरतं. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीच्या आत तीन गोष्टी कोरलेल्या असाव्यात: ही नक्कल आहे, ती कुणी आणि कधी केली, आणि मूळ चेहरा कुणाच्या कल्पनेतून आला. अशी प्रामाणिक नक्कल दिव्यांखाली उभी राहावी, मुलांनी तिला हात लावावा, आणि मूळ मुखवट्याने अंधारात शांतपणे आपलं आयुष्य वाढवावं.

तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल: नाटकातला मुखवटा, कागदाच्या लगद्याचा देव, आजोबांनी रंगवलेला पडदा. तिची प्रतिकृती हवीशी वाटणं चांगलंच आहे. पण तेल, पॉलिश, साबण, साचा यांतलं काहीही तिला लावू नका. उन्हातून ती बाजूला घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, मापं घ्या, कुणी केली ते लिहून ठेवा आणि जाणकाराला विचारा. नक्कल पुन्हा करता येते. मूळ वस्तू पुन्हा करता येत नाही.