रो-हाउसमधले वायफाय: तपासणी आणि नवी जोडणी

घरातल्या इंटरनेटचा वेग तीन टप्प्यांत ठरतो. रस्त्यावरच्या खांबापासून घरातल्या डब्यापर्यंत येणारे फायबर हा पहिला टप्पा, त्या डब्यापासून घराच्या इतर भागांपर्यंतची वाट हा दुसरा आणि शेवटच्या खोलीतली हवा हा तिसरा. तक्रार बहुतेक वेळा पहिल्याची होते आणि महागाचा प्लॅन घेतला जातो. दोष मात्र पुष्कळदा दुसऱ्या टप्प्यात असतो. नाशिकच्या इंदिरानगर भागातील प्रस्तुत लेखकाच्या घरी हेच निघाले. त्या घराची जोडणी ज्या क्रमाने बदलण्यात आली, त्याची ही नोंद.

घर दुमजली रो-हाउस आहे: समोरून अरुंद, मागे लांबवर गेलेले. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, मध्ये आरसीसीचा स्लॅब आणि मधोमध जिना. फायबर रस्त्याकडून येते, म्हणून जोडणी करणाऱ्याने डबा हॉलमध्ये टीव्हीच्या शोकेसमागे बसवला होता. तिथे वायर कमीत कमी लागते. घरात इंटरनेटची सर्वांत जास्त गरज असलेली खोली मात्र वरच्या मजल्यावर, मागच्या टोकाला. डबा आणि ती खोली यांच्यामध्ये दोन भिंती, स्लॅब आणि जिन्याजवळचे लोखंडी कपाट.

आधी मोजमाप झाले. तपासणीला आलेल्या कामगाराच्या मीटरवर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम दिसली. घरोघरच्या फायबर जोडणीत ही पातळी साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान चालते, म्हणजे पहिला टप्पा ठीक होता. लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडल्यावर २०० एमबीपीएसच्या प्लॅनचा जवळजवळ पूर्ण वेग मिळाला. मग मोबाइलवरील अॅपने खोलीखोलीत सिग्नल मोजला. हॉलमध्ये तो उणे ४५, स्वयंपाकघरात उणे ६५ आणि वरच्या मागच्या खोलीत उणे ८२ भरला. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. व्हिडिओ कॉल सुरळीत चालायला तो उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून बरा असावा लागतो. मागच्या खोलीत वेग सहा-सात एमबीपीएसवर आला होता.

याचे कारण लहरींच्या स्वभावात आहे. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची पाच-सहा सेंटिमीटर. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी पार जाते, पण तिच्यात जागा कमी. दुसरीत जागा भरपूर, पण भिंत आणि स्लॅब तिला लवकर थोपवतात. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ विनापरवाना वापरासाठी खुले झाले, त्यामुळे हा पट्टा घरगुती राउटरला मोकळेपणाने वापरता येतो. लोखंड, आरसा आणि पाणी यांचा अडथळा दोन्ही पट्ट्यांना होतो. म्हणून फ्रिजमागे, कपाटावर किंवा पाण्याच्या टाकीजवळ राउटर ठेवू नये.

उपाय तीन होते. सर्वांत स्वस्त म्हणजे रिपीटर. तो आलेला सिग्नल पुन्हा सोडतो. पण एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करणाऱ्या साध्या रिपीटरवर वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो दुबळ्या जागी लावला तर दुबळाच सिग्नल पुढे ढकलतो. दुसरा उपाय मेशचा: दोन-तीन राउटर एकाच नावाने चालतात आणि एकमेकांशी हवेतून बोलतात. तिसरा उपाय म्हणजे तेच राउटर वायरने जोडणे. मेशचे राउटर हवेतून बोलले, तरी मधला स्लॅब जागचा हलत नाही. त्यामुळे तिसरा उपाय निवडला गेला. वायरलेस चांगले हवे असेल तर आधी वायर घालावी लागते, ती याच कारणाने.

वायरसाठी भिंत फोडावी लागली नाही. घर बांधताना टेलिफोन आणि केबल टीव्हीसाठी भिंतीत कन्सिल पाइप टाकलेला होता. इलेक्ट्रिशियनने त्यातून स्प्रिंग सरकवली, टेलिफोनची जुनी वायर बाहेर काढली आणि स्प्रिंगच्या टोकाला कॅट-सिक्स वायर बांधून वर ओढली. ही वायर विजेच्या पाइपमधून नेऊ नये. बाजारात काही स्वस्त वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या असतात. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरट धातू दिसतो. अशी वायर वळणावर तुटते, म्हणून पूर्ण तांब्याचीच घेतली.

टोकाला आरजे-४५ जॅक बसवताना आठ तारा ठरलेल्या क्रमाने लावतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम एकच हवा. पहिल्या चाचणीत वरच्या खोलीतला वेग ९४ एमबीपीएसवर अडकला आणि तिथून हलेना. हा आकडाच दोष सांगतो. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात. एखादी तुटली तर जोडणी १०० एमबीपीएसवर उतरते, कारण त्या वेगाला दोनच जोड्या पुरतात. जॅक उजेडात धरून पाहिल्यावर तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलेली नव्हती. टोक कापून नवा जॅक क्रिम्प केल्यावर पूर्ण वेग मिळाला.

मग मांडणी आणि सेटिंग. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून राउटरचे काम नव्या वायफाय ६ राउटरकडे दिले. दोन्ही डबे राउटर म्हणून चालू राहिले तर गेम आणि कॅमेऱ्यांना अडचण येते. खालचा राउटर शोकेसमागून काढून उंच फळीवर उघड्यावर ठेवला, तर दुसरा वरच्या पॅसेजमध्ये लावला. रो-हाउसच्या ओळीत शेजाऱ्यांच्या नेटवर्कची यादी लांबलचक दिसते. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच. त्यांतले ११ मोकळे होते, ते निवडले. या पट्ट्यावर रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवली, ५ वर ८०. दोन्ही राउटरना नाव आणि पासवर्ड एकच दिला आणि त्यांची ताकद थोडी कमी केली. तसे केले नाही तर वर गेलेला मोबाइल खालच्याच राउटरला चिकटून राहतो. आता मागच्या खोलीत १८० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो. प्लॅन जुनाच आहे.

विजेचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. वीज क्षणभर गेली तरी डबा नव्याने सुरू होतो आणि कॉल तुटतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे, नसेल तर डब्याला आणि राउटरला मिनी यूपीएस लावावा. तो घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत.

पुढे कधी वेग घटला तर तपासणी याच क्रमाने करावी. डब्यावरचा लाल दिवा लागला असेल तर दोष बाहेर, बहुधा खांबावर. उंच ट्रकने किंवा पावसाळ्यात पडलेल्या फांदीने फायबर तुटते. दिवा ठीक असेल तर डब्याला वायर लावून वेग पाहावा, नंतर वरच्या जॅकवर आणि शेवटी हवेत. ज्या टप्प्यावर आकडा पडतो, दुरुस्ती तिथेच लागते.