मधल्या माणसाचं काम

दोन भाषांच्या मध्ये उभं राहणं हाच ज्याचा पेशा, त्याला पर्ल ही संगणकाची भाषा फार परकी वाटू नये. लॅरी वॉल यांनी ती १९८७ साली केली. ते भाषाशास्त्र शिकलेले. पर्लमध्ये ‘संदर्भ’ नावाची एक चीज आहे. एकच गोष्ट कोण कशी मागतो, त्यावर तिचं उत्तर बदलतं. पंधरा मुलांची यादी घ्या. ‘यादी दे’ म्हटलं तर पंधरा नावं मिळतात. ‘एकच काय ते दे’ म्हटलं तर १५ हा आकडा मिळतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण दुसऱ्यात मुलं नाहीत.

हे मला माझ्या भाचीनं सांगितलं. ती पुण्यात जुना पर्ल कोड सांभाळते. तिच्यापुढचं काम असं: कोडमध्ये शे-सव्वाशे फंक्शनं आहेत आणि ती फसली तरी बोलत नाहीत. फाइल उघडली नाही तर नुसतं ‘खोटं’ असं उत्तर येतं, ते कुणी तपासत नाही आणि गाडी पुढे जाते. म्हणून प्रत्येक फंक्शनवर रॅपर चढवायचा. रॅपर म्हणजे खोळ. हाक मारणाऱ्याला वाटतं आपण मूळ फंक्शनशीच बोलतोय. खोळ मध्ये निरोप घेते, आत पोचवते, उत्तर बाहेर आणते आणि काम फसलं असेल तर ओरडते. पर्लच्या अंगभूत फंक्शनांसाठी हेच काम करणारं ‘ऑटोडाय’ नावाचं मॉड्यूल २००९ पासून, ५.१०.१ आवृत्तीपासून, पर्लबरोबरच येतं. तिला मात्र आपल्या घरच्या फंक्शनांसाठी खोळी शिवायच्या होत्या, त्याही हाताने नाही, जनरेटर लिहून.

“मामू, खोळ शिवणं सोपं आहे,” ती म्हणाली. “मापं घेणं अवघड.”

मापं म्हणजे प्रोटोटाइप. १९९६ साली पर्लच्या ५.००२ आवृत्तीत ते आले. फंक्शनच्या नावापुढे कंसात दोन-चार चिन्हं असतात. $ म्हणजे एकच किंमत. @ म्हणजे उरलेलं सगळं. \@ म्हणजे यादी फोडू नका, तिचा पत्ता द्या. अर्धविरामानंतरचं दिलं तरी चालेल, नाही दिलं तरी चालेल.

ही चिन्हं नसली तर पर्ल सगळं सपाट करून आत पाठवतं. दहा नावांची एक यादी आणि पाच नावांची दुसरी दिली, तर आत पंधरा नावांची रांग पोचते. पहिली यादी कुठे संपली हे आतल्याला कळायचा मार्ग नाही. मूळ फंक्शनला दोन याद्या वेगळ्या हव्या होत्या, पण खोळीला तसं सांगितलंच नाही, तर बिघाड मूळ फंक्शनचा दिसतो आणि असतो खोळीचा. उलट, यादीच्या जागी $ लिहिला तर पंधरा नावांऐवजी १५ हा आकडा आत जातो. कुठे तक्रार नाही, कुठे लाल अक्षरं नाहीत.

म्हणून जनरेटर आधी विचारतो. ‘प्रोटोटाइप’ नावाचंच अंगभूत फंक्शन आहे, त्याला दुसऱ्या फंक्शनचं नाव दिलं की चिन्हांची ओळ मिळते. जनरेटर ती ओळ एकेक चिन्ह करत वाचतो, तंतोतंत तशाच मापाच्या खोळीचा मजकूर तयार करतो आणि ‘इव्हॅल’कडे देतो. अर्धविराम दिसला तर फांद्या पाडतो: एक नग आला तर असं बोलाव, दोन आले तर तसं. आपण लिहिलेल्या फंक्शनला & लावून बोलावलं की प्रोटोटाइप पुन्हा लागू होत नाही, आलेलं जसंच्या तसं पुढे जातं. ‘पुश’सारखं पर्लचं स्वतःचं फंक्शन असेल तर आलेला पत्ता उघडून पुन्हा यादी म्हणून द्यावी लागते. परतीच्या वाटेवर ‘वाँटअरे’ला विचारायचं, की हाक मारणाऱ्याला यादी हवी होती की एकच किंमत. आणि ‘सिस्टिम’सारख्या काही फंक्शनांचं माप मागितलं तर हाती काहीच लागत नाही, कारण त्यांची बोलण्याची रीत चिन्हांत मावत नाही. तिथे यंत्राने अंदाज करायचा नसतो. तिथे माणसाने बसून हाताने शिवायचं.

ती बोलत होती आणि मला आमच्या शाळेतली एक दुपार आठवत होती.

दहावीच्या मुलींचा तक्ता भरायचा होता. एक रकाना: ‘पुढे शिकणार का? हो / नाही’. एका मुलीचे अब्बा आले होते. भंगाराचा हातगाडा लावतात, मराठी समजते पण कार्यालयात बोलायचं म्हटलं की जीभ अडते. मी मध्ये बसलो. ते म्हणाले, “पढाना तो है सर, अल्लाह ने चाहा तो. मगर कॉलेज दूर है, बस शाम को देर से आती है. बड़ी की शादी का कर्ज़ा सर पे है. और उधर सब मराठी में पढ़ाते, ये डरती है.”

तक्ता भरणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “सर, हो का नाही?”

रकाना $ चा होता आणि बाप यादी घेऊन आला होता. त्या यादीत ‘पढ़ाना तो है’ पहिलं होतं. पण त्या रकान्यात ते ‘नाही’ म्हणूनच उतरलं असतं. ‘इन्शाअल्लाह’ला, ‘अल्लाह ने चाहा तो’ला आपल्याकडे पुष्कळ जण टाळाटाळ समजतात. त्या माणसाच्या तोंडी तो इरादा होता, फक्त त्याची पूर्तता आपल्या हातात नाही एवढी कबुली त्याला जोडलेली. ‘बघू’ म्हटलं तर इरादा गळतो. ‘हो, नक्की’ म्हटलं तर कबुली गळते, आणि कर्जही.

मी म्हटलं, शेरा लिहायची जागा आहे का? मागची बाजू कोरी होती. तिथे चार ओळी लिहिल्या: शिकवायची इच्छा आहे. संध्याकाळच्या एसटीची वेळ. घरचं कर्ज. मराठीची धास्ती. चौथी अडचण माझ्याच विषयाची निघाली, म्हणून सुट्टीत रोज एक तास तिच्यासाठी ठरवला. एसटीच्या वेळेसाठी आणखी तीन पालकांच्या सह्या घेऊन आगाराकडे अर्ज दिला. कर्जावर मात्र माझ्याकडे इलाज नव्हता, आजही नाही. मुलीने अकरावीचा अर्ज भरला आहे. पुढचं पुढे.

आपल्या घरांत हे मधलं काम बहुतेक वेळा मुलंच करतात. दवाखान्यात अम्मीचं दुखणं सांगणारी नऊ वर्षांची मुलगी, तलाठ्यासमोर दादांचं म्हणणं मांडणारा नातू. त्यांना आपण शब्द शिकवतो, मापं घ्यायला शिकवत नाही. समोरचा नेमकं काय मागतोय, एक आकडा की सगळी हकीकत, हे आधी विचार. दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या असतील तर पलीकडे त्या वेगळ्याच पोचव. मावत नसेल तर कापू नकोस, मावत नाही असं सांग.

भाचीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हा शिक्षकांच्या कामाची आहे. प्रोटोटाइप कार्यक्रम चालताना लागू होत नाही, तो वाचला जात असतानाच लागू होतो. म्हणून खोळ हाक मारणाऱ्या ओळीच्या आधी, ‘बिगिन’ ब्लॉकमध्ये तयार असावी लागते. उशिरा चढवलेली खोळ आधी वाचून झालेल्या ओळींचा अर्थ बदलू शकत नाही. आमच्याकडे तक्ते जूनमध्ये येतात. या वर्षी मी पालकांना फेब्रुवारीतच बोलावणार आहे.