मॅरियनच्या स्वातीताई

सन 2002 च्या ऑक्टोबरात, आयोवातील मक्याची शेते कापून मोकळी होऊ लागली होती आणि शेजारच्या सीडर रॅपिड्समधील ओटच्या गिरणीचा भाजका वास वाऱ्यावर येत होता, त्या दिवसांत मी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार स्वाती दांडेकर यांची प्रचारपत्रके घेऊन मॅरियन गावात दारोदार हिंडत होते. आणि नागपुरात जन्मलेल्या स्त्रीला या गौरवर्णीय, कृषिप्रधान मुलखातील लोक राज्याच्या प्रतिनिधिगृहात पाठवितील, याविषयी मनातून मी साशंकच होते. आदल्याच वर्षी भारतीय वंशाचे उपेंद्र चिवुकुला न्यू जर्सीच्या विधिमंडळावर निवडून आले होते खरे. पण तेथे भारतीयांची वस्ती दाट, आणि आम्ही येथे मूठभर.

दार उघडणारी माणसे मात्र स्वातीताईंच्या जन्मस्थानाविषयी क्वचितच विचारीत. बोलणे निघे ते शाळेवरून. 1996 पासून गावच्या लिन-मार शाळा मंडळावर बसून अंदाजपत्रके वाचण्यासारख्या नीरस कामात, ज्याच्या वाटेला कीर्तीची हाव असलेला मनुष्य सहसा जात नाही, स्वातीताईंनी जी वर्षे घालविली, त्या वर्षांनीच त्यांना गावच्या करून टाकले होते.

तशात विरोधी उमेदवाराचा एक ई-मेल बाहेर फुटला. भारतातील जातिव्यवस्थेत वाढलेली व्यक्ती आयोवाचे कायदे करण्यास लायक कशी, असा त्यात सवाल होता. आम्हा मराठी घरांत संताप उसळला (जातीविषयीच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर आमच्यापैकी कितीजणांपाशी होते, हा भाग निराळा). परंतु एका वृद्ध शेतकऱ्याने, आपण रिपब्लिकन असल्याचे ठणकावून सांगून, माझ्या हातचे पत्रक आपणहून मागून घेतले आणि या बाईंना मी शाळेच्या सभांत पाहिले आहे, एवढेच म्हणून दार लावले.

नोव्हेंबरात त्या निवडून आल्या, 2008 साली राज्याच्या सिनेटवर निवडून गेल्या. 2011 साली मात्र रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी देऊ केलेली राज्याच्या युटिलिटीज बोर्डावरील नेमणूक पत्करून त्यांनी मुदतीपूर्वीच राजीनामा दिला, आणि तोही अशा वेळी, की सिनेटमधील डेमोक्रॅटांचे 26 विरुद्ध 24 हे बहुमत त्या एका जागेवर टांगलेले होते. पोटनिवडणुकीत पक्षाने जागा राखली. तरी मतदारांनी सोपविलेली जागा नेमणुकीसाठी सोडणे मला तेव्हा रुचले नाही, आजही रुचत नाही. 2014 साली अमेरिकी काँग्रेसच्या उमेदवारीसाठी झालेल्या प्राथमिक निवडणुकीत त्या हरल्या, आणि पुढे ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या संचालक म्हणून पाठविले. मॅरियनच्या रहिवाशाला विचाराल तर या साऱ्या पदांहून त्यांचे शाळा मंडळावरील काम मोठे होते.