काठावरची नावे

वकिली हा व्यवसाय माणसाला दोन गोष्टी शिकवितो. पहिली अशी, की वस्तू कोणाची हे विचारल्यावाचून तिला हात लावू नये. दुसरी अशी, की एकदा हे विचारले म्हणजे ती वस्तू पूर्वीसारखी राहत नाही. पहिली गोष्ट आम्ही विधिमहाविद्यालयात शिकलो. दुसरी शिकण्यास आम्हांस आयुष्याची 45 वर्षे, एक वाटणीचा दावा आणि संगणकावरील एक खेळ इतका खर्च आला.

संगणकाचा खेळ म्हणताच आमच्या वाचकांपैकी काही वडीलधारी मंडळी पान उलटतील, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांना एवढीच विनंती, की या खेळाचा शेवट देवळाच्या अग्रशाळेत होतो. तेथवर त्यांनी आमच्याबरोबर यावे.

आमच्याजवळ एक छोटा लॅपटॉप आहे. न्यायालयात नेण्याआणण्यास सोपा म्हणून 2010 साली तो आम्ही घेतला. पडदा दहा इंचांचा आणि सीडी घालण्याची सोय मुळीच नाही. त्या काळी ही रीतच पडत चालली होती. तैवानच्या असुस कंपनीने 2007 साली ‘ईई पीसी’ या नावाचा सात इंची लॅपटॉप बाजारात आणला. त्याचे वजन किलोच्या आत होते. पुढे 2008 च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखविला. त्यातही सीडीला थारा नव्हता. कारण उघड आहे. सीडी 12 सेंटिमीटर व्यासाची. तिला घरात घ्यायचे तर घर तिच्याहून मोठेच बांधावे लागते. ज्याला लहान आणि हलके व्हायचे आहे त्याला काहीतरी दाराबाहेर ठेवावे लागते.

आता हा लॅपटॉप निवृत्त शिरस्तेदारासारखा आहे. जुन्या गोष्टी बिनचूक सांगतो, नव्या कामाला मात्र उपयोगी नाही. त्यातील विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी थांबविली, म्हणून इंटरनेटशी आम्ही त्याची गाठ पडू देत नाही. बॅटरी केव्हाच गेली; वायर लावली की चालतो. अशा यंत्राचे करावे काय, या विचारात असता एके संध्याकाळी आम्हांस तो खेळ आठवला.

‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग 1999 साली निघाला. आमचे ज्येष्ठ बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि आम्ही, अशा दोघांनी पैसे जमवून 2000 साली त्याची सीडी घेतली. दादाला नुकतीच नोकरी लागली होती. आम्ही कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. बाजारात नकली सीडी कितीतरी स्वस्त मिळे. परंतु वडिलांनी सांगून ठेवले होते, की ज्या घरात देव्हारा आहे त्या घरात चोरीची वस्तू येता कामा नये. म्हणून अस्सल सीडी आली, आणि ती यंत्रात घातल्यावाचून खेळ सुरू होत नसे.

खेळ थोडक्यात असा. आरंभी आपल्यापाशी एक नगरगृह, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार टेहळ्या. गावकऱ्यांनी मेंढ्या मारायच्या, लाकूड तोडायचे, सोने आणि दगड खणायचे. त्यातून शेती, तटबंदी, सैन्य उभारायचे आणि अंधारयुगापासून साम्राज्ययुगापर्यंत चढत जायचे. संगणक एकच, म्हणून दोघांनी मिळून एकच राज्य चालवायचे असे ठरले. माउस दादाकडे, कीबोर्ड आमच्याकडे. लढाई तो करी. ‘एच’ ही कळ दाबून नजर नगरगृहावर आणायची आणि ‘सी’ दाबून नवा गावकरी घडवायचा, ही आमची चाकरी. एका गावकऱ्याला अन्नाची 50 मापे लागत. रणधुमाळीत दादाला घराची आठवण राहत नसे, मग तोच ओरडे, “एच दाब रे!”

सीडी आणली त्याच दिवशी आम्ही एक शहाणपण केले. नव्याने शिकलेल्या कायद्याच्या भरात म्हटले, की वस्तू सामाईक आहे, तेव्हा तिच्यावर दोघांची नावे हवीत. बॉलपेन घेऊन सीडीच्या छापील बाजूवर, अगदी काठाला, आम्हीच ती लिहिली. पुढे कळले की सीडीशी करू नये ते नेमके हेच. सीडीतील मजकूर चकचकीत बाजूला असतो, असा सर्वांचा समज असतो. वास्तविक तो असतो छापील बाजूच्या लगेच खाली, लाखेच्या पातळ लेपाखालच्या थरात. चकचकीत बाजूला मिलिमीटरभर जाडीचे प्लॅस्टिक त्याचे रक्षण करते, आणि तिकडचा ओरखडा पुष्कळदा घासून घालविता येतो. नावाच्या बाजूचा ओरखडा मात्र थेट मजकुरावर जातो.

वडील 2017 साली गेले. आई त्याआधीच गेली होती. गोव्यात वारसांच्या वाटणीसाठी ‘इन्व्हेंटरी’ची पद्धत आहे. पोर्तुगीज अमदानीतील कायद्यातून ती आली आणि आता गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्यात, जो 2016 पासून अमलात आला, ती नांदते आहे. मृताच्या मालमत्तेची यादी होते, मोल ठरते आणि वारसांना आपसांत बोली लावता येते. या यादीत घर होते, कुळागर होते, तांब्याचे हंडेही होते. घर दादाला हवे होते. त्याचा संसार तेथेच होता. आम्हांस ते नको होते. तरीही आम्ही बोली लावली, आणि तो थांबत नाही असे पाहून चढवीत नेली. त्यात बेकायदा काही नव्हते. घर अखेर दादाकडेच राहिले. पण त्यासाठी त्याने कर्ज काढले, आणि त्या कर्जातील काही भाग आमच्या हिश्शाचा म्हणून आमच्या खात्यात आला. त्या 2019 सालापासून आमचे बोलणे थांबले. पुढली सहा वर्षे जत्रेच्या दिवशी देवळाच्या चौकात दोघे दोन खांबांशी उभे राहत असू.

सीडी यादीत नव्हती. ती दादाच्या घरी राहिली.

आमची कन्या म्हणाली, “बाबा, एवढे काय? त्या सीडीची इमेज कोठेतरी फुकट मिळेल. पेन ड्राइव्हवर घालून देते.” आम्ही तिला 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 समजावून सांगितले. संगणकाचा प्रोग्राम ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याने तो गहाळ वा खराब होईल या भयाने, केवळ आपल्या उपयोगापुरती, राखीव प्रत करून ठेवली तर तो प्रताधिकाराचा भंग होत नाही. पण परक्याने वाटलेली प्रत उचलणे म्हणजे ते नव्हे. तिने शांतपणे विचारले, “मग ताबा कोणाकडे आहे?” आम्ही म्हणालो, “तुझ्या काकांकडे.” “तर मग त्यांना विचारा.” न्यायालयात इतका सरळ उलटतपास आम्हांस क्वचितच सोसावा लागला आहे. खेळाची 2019 साली निघालेली नवी आवृत्ती विकत मिळते, असेही ती म्हणाली. पण तिचा भार आमच्या शिरस्तेदाराला पेलणारा नव्हता. आणि खरे सांगायचे तर नवी आवृत्ती आम्हांस नकोच होती.

दोन दिवस मजकूर जुळवून आम्ही अखेर एकच ओळ पाठविली : “दादा, ती सीडी आहे का?” दुसऱ्या दिवशी उत्तर आले : “आसा. जत्रेक हाडटां.”

गेल्या माघात जत्रेच्या रात्री पालखी आत गेल्यावर दादा अग्रशाळेतील आमच्या खोलीत आला. हातात पिशवी, पिशवीत सीडीची ती डबी. देवस्थानच्या कार्यालयात उत्सवांची जुनी चित्रणे पाहण्यासाठी सीडीचा सुटा ड्राइव्ह आहे. तो कारकुनाकडून मागून आणला. त्याच्या वायरीला दोन टोके होती, कारण लॅपटॉपच्या एका छिद्रातून मिळणारी वीज सीडी फिरविण्यास कधी कधी पुरत नाही. लॅपटॉपला छिद्रे तीन : दोन ड्राइव्हने घेतली, तिसऱ्यात माउस बसला.

डबी उघडली. काठावर दोन्ही नावे तशीच होती, शाई थोडी पसरलेली. दादाने ती वाचली, बोलला नाही. सीडी फिरू लागली, थांबली, पुन्हा घरघरली. 25 वर्षांपूर्वीचे आमचे शहाणपण आता भोवणार, असे आम्हांस वाटले. दादा म्हणाला, “इल्लें रावया.” आम्ही थांबलो. सीडीवरील मजकूर एकाच लांबलचक वळशाने मध्यापासून काठाकडे मांडलेला असतो, आणि वाचनही आतूनच सुरू होते. काठाशी आम्ही केलेली इजा आतल्या मजकुराला बाधली नसावी. थोड्या वेळाने पडद्यावर ते ओळखीचे चित्र उमटले.

माउस दादाने न विचारता घेतला. आमची बोटे कळांवर गेली. तीन गावकरी मेंढ्यांमागे धावू लागले. पाऊण तास आम्ही खेळाखेरीज एक शब्दही बोललो नाही. मग शत्रूचे स्वार तटापाशी आले असताना आम्ही म्हणालो, “दादा, त्या दिवशी मी बोली थांबवायला हवी होती.” लेखात ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला कोठेतरी ‘मी’ म्हणावेच लागते.

दादाने पडद्यावरची नजर काढली नाही. थोडा वेळ गेला. “एच दाब रे,” तो म्हणाला.

आम्ही दाबली.

ते राज्य काही टिकले नाही. शत्रूने पहाटेपूर्वी ते जाळले. सकाळी आवराआवर करताना कन्येने फोनवरून सुचविले, की आता ताबा कायदेशीर आहे, तेव्हा काका आहेत तोवर राखीव प्रत करून घ्या. तिचे म्हणणे कायद्याला धरून होते. आम्ही ते मानले नाही. प्रत हाती आली की आम्हांस दादाची गरज उरत नाही, एवढाच आमचा आक्षेप होता आणि तो कोणत्याही कलमात बसत नाही. सीडी दादाच्या पिशवीत गेली, लॅपटॉप आमच्या. ड्राइव्ह परत देताना कारकुनाला मात्र आम्ही सांगून ठेवले, की पुढल्या माघात तो आणखी एका रात्रीसाठी लागेल.