चरित्रांतील अवघड पान

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर कांहीं तरी मोठ्यानें वाचण्याचा परिपाठ वडिलांच्या वेळेपासून आहे. पूर्वीं पोथी असे. पुढें घरचा कारभार आमच्या हातीं आला तसे पोथीच्या जागीं चरित्रें व इतिहासाचे ग्रंथ आले. थोरांचीं चरित्रें ऐकून मुलांवर चांगले संस्कार होतील अशी आमची समजूत. ते किती झाले हें मुलेंच जाणोत. आम्हांस मात्र या चाळीस वर्षांच्या वाचनानें एक खोड जडली आहे. चरित्रनायकाचे पराक्रम चालले असतां आम्हांस डुलकी येते, आणि त्याचा पाय घसरला कीं आम्ही खडबडून जागे होतों!

गेल्या चातुर्मासांत रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें 1910 सालचें पुस्तक पुन्हां वाचावयास घेतलें. न. र. फाटकांनीं लिहिलेलें न्यायमूर्तींचें चरित्र 1924 सालचें. तेंही आमच्या संग्रहीं आहे, आणि न्यायमूर्तींचें सार्वजनिक कार्य समजून घ्यावयाचें तर तेंच उघडावें लागतें. परंतु माणूस पाहावयाचा तर तो त्याच्या माजघरांतून पाहावा. रमाबाईंच्या लेखणींत पतिभक्ति इतकी आहे कीं आजच्या मुलींस ती जड वाटते. तथापि त्या भक्तीपायीं पतीचें अवघड पान त्यांनीं फाडून टाकलें नाहीं, हें आम्हांस मोठें वाटतें.

तें पान असें. 1873 सालीं न्यायमूर्तींची पहिली पत्नी वारली. त्यांचें वय तेव्हां एकतिसाचें. विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीनें ते विधवाविवाहाच्या पक्षांत उभे राहिलेले. 1869 सालीं मुंबईंत पुनर्विवाह लागला, त्याचा पुरस्कार करून सनातनी मंडळींचा रोषही त्यांनीं ओढवून घेतला होता. आतां हे एखाद्या विधवेशींच विवाह करतील, ही स्नेह्यांची आशा आणि वडिलांची नेमकी तीच भीति. वडिलांनीं घाई केली. मुलानें विनविलें, मुदत मागितली. वडील हटले नाहींत. शेवटीं मुलगाच हटला, आणि त्याच वर्षीं अकरा वर्षांची एक कुमारिका रानड्यांच्या घरांत सून होऊन आली. तीच या पुस्तकाची लेखिका.

पंचहौद मिशनमधील 1890 सालच्या चहाचें प्रकरण आणि न्यायमूर्तींनीं 1892 सालीं घेतलेलें प्रायश्चित्त सर्वश्रुत आहे; त्यावर येथें लिहीत नाहीं. तो चहा आतां पुरेसा निवला आहे. या लग्नाचें तसें नाहीं. वीस वर्षांनीं, 1893 सालीं, धोंडो केशव कर्वे यांनीं पहिली पत्नी वारल्यावर विधवेशींच विवाह केला आणि गांवाचा बहिष्कार सोसला. म्हणजे ही गोष्ट कठीण होती, अशक्य नव्हती. हें आम्ही जाणतों. जाणत असूनही त्या रात्रीं आम्ही काय बोललों तें आतां सांगतों.

वाचन ऐकत बसलेल्या आमच्या नातीनें मध्येंच विचारलें, “आजोबा, एवढे न्यायाधीश होते ना? मग वडिलांना नाही म्हणायला काय झालं होतं?”

आम्ही पुस्तकांत बोट घालून तें मिटलें आणि व्याख्यान दिलें. तो काळ, ती पितृभक्ति, समाजाला बरोबर घेऊन हळूहळू जाण्याचें धोरण, म्हातारपणीं बापाचें मन मोडण्यांतलें पाप, असें कितीतरी. बोलतांना आमचा आवाज चढला आहे हें आम्हांस उशिरां कळलें. रानड्यांचें वकीलपत्र इतक्या तळमळीनें घेण्याचें आम्हांस काय कारण होतें?

कारण समोरच वाती वळीत बसलें होतें. आमची धाकटी बहीण 1967 सालीं, बाविसाव्या वर्षीं, विधवा होऊन माहेरीं आली. वर्षभरानें आमच्याच एका स्नेह्यानें तिला मागणी घातली. मुलगा सुस्वभावी, नोकरी चांगली. तिची संमति तिनें आमच्या पत्नीजवळ बोलूनही दाखविली होती. आणि आम्ही? त्याच गणेशोत्सवांत आळीच्या मंडपांत आम्ही सुधारणेवर भाषण करून टाळ्या मिळविल्या होत्या. वडील एवढेंच म्हणाले, “माझ्या डोळ्यांदेखत नको.” आम्ही कमावते, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, दुसरा शब्द आमच्या तोंडून निघाला नाहीं. वडील पुढें सोळा वर्षें जगले. त्या स्नेह्याचें लग्न दुसरीकडे झालें, आणि त्या पंगतींत आम्ही जिलब्यांचा आग्रहही सोसला. बहिणीनें पुढें शिक्षिकेची परीक्षा दिली. त्या अर्जाचे पैसेही तिनें शिवणकाम करून साठविले होते, हें आम्हांस कित्येक वर्षांनीं कळलें.

व्याख्यान संपलें तेव्हां ती म्हणाली, “दादा, पुस्तक मिटलंस कशाला? पुढं वाच ना. लग्न झालं आणि त्यांनी त्या पोरीच्या हातात पाटी दिली. घरातल्या बायकांनी छळलं, टोचून बोलल्या, पण शिकवणं काही त्यांनी सोडलं नाही. ते राहिलंच की वाचायचं.”

तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. असता तर उत्तर देतां आलें असतें. आम्ही चष्मा पुसण्याच्या निमित्तानें पुस्तक नातीकडे दिलें. आत्याआजीनें वातींचें ताट बाजूस सारून तिला दिव्याजवळ जागा करून दिली, आणि त्या रात्रीं पुढचें वाचन नातीनें केलें.